वाढं, चुना आणि क्षार

भाऊ, गाय भिंत चाटते, प्लास्टिक चघळते म्हणतोस, तर आधी डॉक्टरांना विचारून जंताचं औषध पाज. क्षार कमी पडले तरी गाय असं करते, पण नुसती चाटण वीट (गाईनं चाटायची क्षारांची वीट) टांगून भागत नाही. बऱ्याच विटांत मीठच जास्त. दुभत्या गाईला रोज 50 ग्रॅम क्षार मिश्रण आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) कालवून दे. उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) फार घालत असशील तर त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम बांधून टाकतं, ते गाईच्या अंगी लागत नाही, म्हणून आमच्याकडे वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतात. पण गाईला फॉस्फरसही लागतो, आणि चुन्यात तो नाही. तो गव्हाच्या भुशातून मिळतो. (भुसा म्हणजे कोंडा, काड नव्हे!) गाय आटवली (विण्याआधी दूध काढणं थांबवलं) की मात्र चुना बंद. विण्याआधीच्या महिन्यात कॅल्शियम जास्त झालं तर व्याल्यावर दुग्धज्वर होऊ शकतो, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम एकदम घटतं आणि गाय बसते. मी एकदा भोगलंय.