गाढवाचे जंत आणि घरातली माणसं

गाढवांच्या जंतांविषयी प्रश्न येत राहतात आणि गोंधळ दर वेळी तोच असतो: पोटातली प्रत्येक तक्रार म्हणजे जंत, आणि गाढवाचा प्रत्येक जंत म्हणजे घराला धोका. निवडक प्रश्न घेते.

प्रश्न: शिंगराच्या लिदेत पांढरे, वीतभर लांबीचे जंत पडले. मुलांना होतील का?

नाही. हा बहुधा शिंगरांमधला मोठा गोलकृमी. माणसाला होणारा वेगळा. मात्र शिंगराला लगेच पशुवैद्यकाकडे दाखवा. आतडं जंतांनी गच्च भरलेलं असताना मनानेच औषध पाजलं, तर मेलेल्या जंतांचा गोळा होऊन आतडं तुंबू शकतं.

प्रश्न: गाढव शेपटीचं मूळ भिंतीला घासून सोलून घेतं. लीद तपासली, अंडी नाहीत. इकडे मुलालाही रात्री गुदद्वाराशी खाज सुटते. गाढवाकडून लागण झाली का?

नाही. मुलाला सूतकृमी असतील तर ते माणसाकडून आलेत. त्याला डॉक्टरांकडे न्या. गाढवाची शेपटी उचलून बघा. कातडीवर पिवळट-करडा, वाळलेल्या खळीसारखा थर दिसला तर ती गाढवाच्या वेगळ्या सूतकृमीची अंडी असू शकतात. हा जंत अंडी लिदेत न घालता गुदद्वाराबाहेर कातडीवर चिकटवतो, म्हणून लिदेचा अहवाल कोरा येतो. पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून काचपट्टीवर लावायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. खाज उवा-गोचिडांचीही असू शकते, तेव्हा तपासून घ्या.

प्रश्न: शिंगराला आठवडाभर पातळ लीद होतेय. दोनदा जंतनाशक दिलं, फरक नाही. आता त्याचं सगळं करणाऱ्या भावालाही जुलाब लागलेत.

आठवडाभर थांबलात कशासाठी? लहान शिंगरू जुलाबाने फार लवकर सुकतं. आजच दाखवा.

आता भावाविषयी. लोक डोळ्यांना दिसणाऱ्या जंतांना घाबरतात. गाढवाकडून माणसात येऊ शकणारे परजीवी बहुतेक करून डोळ्यांना दिसतच नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया ही त्यातली मुख्य नावं. दोन्ही एकपेशीय, आणि दोन्हींच्या काही जाती-उपजाती जनावरांत व माणसांत सारख्याच आढळतात. तुमच्याकडे हेच झालंय असं तपासणीशिवाय म्हणता येणार नाही. जुलाब जिवाणू-विषाणूंमुळेही होतात. पण क्रिप्टोस्पोरिडियम असेल तर नेहमीच्या जंतनाशकाचा काही उपयोग नाही. सॅनिटायझरनेही तो मरत नाही, पाण्यातल्या क्लोरीनलाही दाद देत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुवा. पाणी उकळून प्या. भावाने डॉक्टरांना ‘मी आजारी शिंगराजवळ असतो’ हे आपणहून सांगावं, कारण साध्या मलतपासणीत हा परजीवी सुटून जाऊ शकतो. त्याची वेगळी तपासणी मागवावी लागते. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर त्यांना शिंगराजवळ फिरकू देऊ नका.

प्रश्न: दर तीन महिन्यांनी सगळ्या गाढवांना जंतनाशक देतो, दुकानदार दर वेळी नवीन कंपनीचं देतो. एवढं पुरेसं आहे ना?

पुरेसं कसलं, हेच तर नुकसान आहे! खोक्यावरचं नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं नाही. मागचं आणि आताचं खोकं शेजारी ठेवून बारीक अक्षरातला घटक वाचा. बहुधा दोन्हींवर आयव्हरमेक्टिनच निघेल. ‘सर्व जंतांवर एकच डोस’ हीसुद्धा थापच. आयव्हरमेक्टिन एकटं पट्टकृमींवर चालत नाही. फेनबेंडाझोल या दुसऱ्या जंतनाशकाला आतड्यातले लहान स्ट्राँगाइल कृमी जगभर दाद देईनासे झालेत, आणि शिंगरांचा गोलकृमी अनेक देशांत आयव्हरमेक्टिनलाही जुमानत नाही. सरसकट आणि अपुऱ्या डोसांचीच ही कमाई. वजन नजरेने ठरवायचं, एक ट्यूब दोघांत वाटायची, की औषध पचवणारे जंत तेवढे मागे उरतात आणि त्यांचीच पिलावळ कुरणभर होते.

कळपातली बरीचशी अंडी थोडीच जनावरं टाकतात. म्हणून प्रत्येकाची ताजी लीद वेगवेगळी तपासा. बरेच पशुवैद्यक मोठ्या जनावरात ग्रॅममागे २०० ते ५०० अंडी ही उपचाराची रेषा धरतात. मात्र वय, तब्येत, ऋतू पाहून ती हलते, कारण आतड्याच्या भिंतीत दडलेल्या अळ्या या मोजणीत येत नाहीत. डोस छातीचा घेर आणि उंची मोजून काढलेल्या वजनावर ठरतो. १४ दिवसांनी लीद पुन्हा तपासा, म्हणजे औषध लागू पडलं की नाही ते कळेल. आणि कुरणातली लीद आठवड्यातून दोनदा उचला. ते खोऱ्याचं काम कुणाला नको असतं, पण त्याला प्रतिकार करणारा जंत अजून जन्मलेला नाही.

प्रश्न: उरलेली ट्यूब माणसाने घेतली तर?

अजिबात नको.

प्रश्न: आमच्या गाढवाजवळ बांधलेला घोडा खोकतो. गाढव ठणठणीत आहे.

गाढवं फुप्फुसातले जंत बिनतक्रार बाळगतात, घोड्याला तेच त्रास देतात. लीद दोघांची तपासा, अळ्यांसाठी म्हणून सांगून. माणसाला याची लागण होत नाही.

प्रश्न: गाढव कालपासून खात नाही, नुसतं गप्प उभं आहे. जंताचं औषध देऊन दोन दिवस वाट पाहू का?

नको. गाढव दुखणं लपवतं. गप्प उभं राहणं हेच लक्षण समजा. खाणं तुटलं की त्याच्या अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होतं आणि जनावर दगावू शकतं, मग मूळ कारण जंत असो की दात. पशुवैद्यकाला आत्ता फोन करा.