सीओपीडी: दम लागतो म्हणून बसून राहू नका

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. त्याच्या रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं नियमित येतात आणि बहुतेकांत तेच तेच गैरसमज असतात. म्हणून या वेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

इनहेलरची सवय लागते का?

नाही. रोज घ्यावा लागतो तो आजार जुनाट आहे म्हणून.

दोन महिने इनहेलर घेऊनही फरक नाही. डोस वाढवू का?

स्वतःच्या मनाने मुळीच नको. पुढच्या भेटीला इनहेलर सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा. दाबायचा पंप असेल तर तो हलवून, श्वास पूर्ण सोडून, मग सावकाश आत घेताना दाबायचा आणि श्वास साधारण 10 सेकंद रोखायचा. पावडरचा असेल तर उलट, जोरात आणि खोल ओढायचा. पुष्कळांची चूक इथेच होते आणि औषध घशातच राहतं. पंप दाबण्याची वेळ साधत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, मागा. स्टेरॉइड असलेल्या इनहेलरनंतर चूळ भरून पाणी थुंकून टाका.

वडील 68 वर्षांचे आहेत. जिना चढताना धाप लागते म्हणून आता घरीच बसून असतात. फुफ्फुसं खराब झालीच आहेत, मग व्यायामाने काय होणार?

हाच समज मला सर्वांत जास्त छळतो. दम लागतो म्हणून माणूस चालणं कमी करतो, मांड्यांचे स्नायू सुकतात, आणि अशक्त स्नायूंना तेवढ्याच कामाला जास्त श्वास लागतो. मग आंघोळ करतानाही धाप लागते. घरचे प्रेमाने ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ म्हणतात आणि वडील आणखी खचतात.

पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणजेच फुफ्फुस-पुनर्वसन हे चक्र उलटं फिरवतं. व्यायामाने स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून करायच्या फुफ्फुसाच्या चाचणीचा, आकडा फारसा हलत नाही, हे खरं आहे. पण धाप कमी होते, चालण्याचं अंतर वाढतं, स्वतःची कामं स्वतः करता येतात. साधारण 6 ते 12 आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा देखरेखीखाली व्यायाम असतो. सुरुवातीला 6 मिनिटांत किती चालता येतं ते मोजतात, त्यावरून व्यायाम ठरतो. सोबत ओठ आवळून फुंकर घातल्यासारखा श्वास सोडणं, थुंकी बाहेर काढण्याची पद्धत, आहार, भीतीवर ताबा हेही शिकवतात. व्यायाम करताना थोडा दम लागणं अपेक्षितच आहे, त्याने फुफ्फुसाला इजा होत नाही. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र थांबायचं. वडिलांना हृदयविकार आहे का, चालताना रक्तातला ऑक्सिजन उतरतो का, हे तपासल्याशिवाय सुरुवात करू नका. पण तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलूही नका. कार्यक्रम संपला तरी चालणं सुरूच ठेवायचं असतं, नाहीतर मिळालेला फायदा हळूहळू ओसरतो.

‘फुफ्फुस स्वच्छ करणारं’ औषध जाहिरातीत पाहिलं. घ्यावं का?

नाही. झालेलं नुकसान धुऊन काढणारं औषध नाही आणि तसं सांगून विकणारे तुमच्या घाबरण्यावर पैसे कमावतात. धूम्रपान सुरू असेल तर ते सोडा. एकट्याने जमत नसेल तर त्यासाठी औषधं आणि समुपदेशन आहे, डॉक्टरांकडे मागा.

ऑक्सिजनचं यंत्र घरी घेऊन ठेवावं का?

विक्रेत्याच्या सल्ल्याने नको. विश्रांतीतही रक्तातला ऑक्सिजन 88 टक्के किंवा त्याखाली राहत असेल, तर रक्ततपासणी करून डॉक्टर दीर्घकाळचा ऑक्सिजन देतात आणि तो दिवसाला किमान 15 तास घ्यावा लागतो. धाप लागली की नळी लावायची, असं ते नाही. काही रुग्णांत जादा ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येते. प्रवाह किती ठेवायचा ते डॉक्टरच ठरवतील.

आईची थुंकी हिरवी झाली आहे, दमही वाढलाय. दोन-तीन दिवस वाट पाहू का?

नको, आजच दाखवा. घरात उरलेलं जुनं अँटिबायोटिक देऊ नका. ओठ निळसर झाले, बोलताना वाक्य पूर्ण होईना किंवा त्या गुंगीत असल्या, तर थेट रुग्णालय गाठा. भरती व्हावं लागलं, तर घरी सोडतानाच दोन गोष्टी विचारून घ्या: फ्लू आणि न्यूमोकोकल (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धच्या) लसी कधी घ्यायच्या, आणि चार आठवड्यांच्या आत पुनर्वसन सुरू करता येईल का.