रेंज फुल आहे पण नेट चालत नाही, यात करिअर आहे का?

पत्र मिळालं. बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. ही मुलगी इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मोबाइल नेटवर्कमध्ये काम करायची इच्छा आहे, फोनवर ॲप टाकून सिग्नलचे आकडे बघत बसते. पण मैत्रिणी म्हणतात ५जी लागून झालं, आता त्यात काय उरलंय, सरळ सॉफ्टवेअरला जा. कुठल्यातरी क्लासवाल्याने तीन महिन्यांत ६जीचं सर्टिफिकेट देतो म्हणून सांगितलंय, ते करू का, आणि पुढे मास्टर्स करू का, असंही विचारलंय. गणित बरं आहे पण सिग्नल प्रोसेसिंगची भीती वाटते. आणि शेवटी जाता जाता, मॅडम, आरएसआरपी (सिग्नलच्या जोराचा आकडा) मायनस ८५ दाखवतो, रेंज फुल आहे, तरी नेट गोल गोल फिरत राहतं, असं का?

मला विचारशील तर तुझ्या पत्रातला सगळ्यात भारी प्रश्न हा शेवटचा आहे आणि बाकीच्यांची उत्तरं पण बरीचशी त्यातच आहेत, म्हणून तिथूनच सुरू करते.

रेंजच्या दांड्या म्हणजे टॉवरचा एक ठरलेला रेफरन्स सिग्नल तुझ्या फोनपर्यंत किती जोरात येतोय, एवढंच. तो जोरात आला म्हणजे स्वच्छ आला असं नाही. ४जी, ५जीत शेजारशेजारचे टॉवर बहुतेक वेळा एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात, त्यामुळे दोन टॉवरच्या मधोमध उभी राहिलीस तर दोन्ही जोरात ऐकू येणार आणि दोन्ही एकमेकांची माती करणार. तुझ्या ॲपमध्ये एसआयएनआर म्हणून आकडा असेल, आपला सिग्नल बाकीच्या गोंगाटापेक्षा किती वर आहे ते तो सांगतो, पुढच्या वेळी तो बघ. तो सुधारायचं काम, म्हणजे अँटेना किती वाकवायचा, पॉवर किती ठेवायची, फोनने एका सेलवरून (टॉवरच्या एका अँटेनाच्या हद्दीतून) दुसऱ्यावर कधी उडी मारायची, हे आरएफ, म्हणजे रेडिओ, ऑप्टिमायझेशनवाले करतात. ही झाली एक नोकरी.

समजा सिग्नल स्वच्छ आहे. तरी सेलची स्पीड ही तुझ्या एकटीची नसते, त्या सेलवरच्या सगळ्यांत वाटली जाते, आणि ४जीत हा वाटप दर १ मिलीसेकंदाला नव्याने ठरतो. कोणाला किती द्यायचं हे ठरवणारा शेड्युलर बेस स्टेशनच्या, म्हणजे टॉवरवरच्या यंत्राच्या, सॉफ्टवेअरमध्ये बसलेला असतो. ज्याचा सिग्नल चांगला त्यालाच सगळं दिलं तर सेलचा एकूण आकडा मस्त दिसतो पण कडेला बसलेला माणूस उपाशी मरतो, सगळ्यांना सारखं दिलं तर कोणाचंच धड होत नाही, मग मधला रस्ता काढायचा, तोही एका मिलीसेकंदाच्या आत. हे सी आणि सी++मध्ये लिहिणारी माणसं एरिक्सन, नोकिया, सॅमसंग, हुआवे अशा कंपन्यांत असतात. माझ्या मते या अख्ख्या क्षेत्रातलं सगळ्यात मजेचं काम हे आहे, पण ते माझं मत झालं.

टॉवरपासून मागे जाणारी फायबर किंवा मायक्रोवेव्ह लिंक भरलेली असेल तर वर हवेत काहीही कर, उपयोग नाही, ते नेटवर्किंगवाल्यांचं काम. त्याच्याही मागे कोअर, म्हणजे फोन ओळखून त्याला इंटरनेटशी जोडून देणारा नेटवर्कचा मधला भाग. आणि इथे तुझ्या मैत्रिणींना सांग की ५जीचा कोअर हा सॉफ्टवेअरच आहे, त्याचे भाग एकमेकांशी वेबसाइटवाल्याच एचटीटीपी/२ वरून एपीआयने बोलतात आणि बरेचदा कुबरनेटिसवर (क्लाउडवाले वापरतात ती प्रोग्रॅम सांभाळणारी सिस्टिम) कंटेनरमध्ये चालतात. म्हणजे 'सॉफ्टवेअरला जा' आणि 'टेलिकॉमला जा' हे दोन उलटे रस्ते नाहीयेत.

उरला तुझ्या हातातला फोन, आणि लोक नेमकं त्यालाच विसरतात. टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त जोराने ओरडतो, फोन मात्र साधारण जास्तीत जास्त २०० मिलीवॅटने उत्तर देतो, कारण बॅटरी एवढीशी आणि फोन माणसाच्या अंगाला चिकटलेला. त्यामुळे कधी कधी टॉवरचं तुला छान ऐकू येतं पण तुझं त्याला नाही, आणि डाउनलोडला सुद्धा 'मिळालं, पुढचं पाठव' असा निरोप वर जावा लागतो, तो अडकला की नेट गोल गोल. एलटीईत, म्हणजे ४जीत, खाली येताना एक पद्धत आणि वर जाताना जरा वेगळी पद्धत वापरतात ती याच्याचसाठी, फोनच्या ॲम्प्लिफायरने कमी बॅटरी खावी म्हणून. हे फोनच्या आतल्या मॉडेमचं, म्हणजे सिग्नल बनवणाऱ्या-उलगडणाऱ्या चिपचं, काम किती अवघड आहे ते बघायचं तर ॲपलने २०१९ मध्ये इंटेलचा फोन मॉडेमचा धंदा विकत घ्यायचं जाहीर केलं आणि स्वतःचा पहिला मॉडेम, सी१, फोनमध्ये घालून बाजारात आणायला २०२५ उजाडलं. पैसा आणि माणसं दोन्ही असलेल्या कंपनीची ही गत, म्हणजे ज्याला हे येतं त्याला किंमत आहे.

आता 'लागून झालं, काय उरलंय'. ३जी जपानमध्ये २००१ मध्ये सुरू झालं तेव्हा सुरुवातीला स्पीड होती ३८४ केबीपीएस. मग एचएसडीपीए, म्हणजे ३जीचीच सुधारलेली आवृत्ती, आलं आणि फ्रिक्वेन्सीच्या त्याच ५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर कागदावरचा आकडा १४.४ एमबीपीएसपर्यंत गेला. जास्तीचा स्पेक्ट्रम नाही, शेड्युलर मागच्या कंट्रोलरमधून काढून बेस स्टेशनमध्ये आणला, निर्णय दर २ मिलीसेकंदाला घ्यायला लागले, चुकलेलं पॅकेट परत पाठवायची पद्धत सुधारली, मॉड्युलेशन वाढवलं, म्हणजे एका वेळी जास्त बिट पाठवायला लागले. म्हणजे फोनवर खरा डेटा चालायला लागला तो ३जी 'लागून झाल्यावर'. पहिलं एलटीई २००९ च्या डिसेंबरमध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लोला, ५जी फोनवर २०१९ ला, आणि त्याचंही रिलीज १५ (५जीच्या स्पेसिफिकेशनची पहिली आवृत्ती) पासून पुढे काम चालूच आहे, रिलीज १८ ला ५जी ॲडव्हान्स्ड म्हणतात. उभारणी संपली की उभारणीवाल्यांच्या नोकऱ्या कमी होतात हे मात्र खरं, ते लपवत नाही. या धंद्यात भरती लाटेसारखी येते आणि ओसरते. फिल्डवरची कामं पुष्कळदा कंत्राटी असतात, नेटवर्कमधले बदल रात्री ट्रॅफिक कमी असताना करतात म्हणून रात्रीचे जागरण, आणि गाडीत बसून नुसते सिग्नलचे रीडिंग घेत फिरायचं काम तर हळूहळू फोनमधून आपोआप येणाऱ्या रिपोर्टवर चाललंय. सुरुवात तिथून झाली तर हरकत नाही, पण तिथेच राहू नकोस.

सर्टिफिकेट नको. ६जीचं स्पेसिफिकेशनच अजून लिहून झालेलं नाही, मग तीन महिने ते शिकवणार काय? स्लाइड्स. ज्या ३जीपीपी संस्थेत ही स्पेसिफिकेशन्स ठरतात तिची कागदपत्रं कोणालाही फुकट डाउनलोड करता येतात. टीएस ३८.३०० उघड, ५जी रेडिओचं एकूण वर्णन आहे, भाषा रुक्ष आहे, पहिल्यांदा निम्मं डोक्यावरून जाईल, जाऊ दे.

त्याआधी एक गणित करून बघ. एलटीईच्या २० मेगाहर्ट्झमध्ये १२०० सबकॅरिअर, म्हणजे बारीक पट्टे, असतात, प्रत्येकावर १ मिलीसेकंदात १४ सिम्बॉल, म्हणजे सिग्नलचे तुकडे, जातात, ६४ क्वॅम हे मॉड्युलेशन असेल तर एका सिम्बॉलमध्ये ६ बिट, आणि दोन अँटेना असले तर सगळं दुप्पट. गुणाकार कर, २०० एमबीपीएसच्या थोडं वर येईल. पण अशा फोनवर, म्हणजे कॅटेगरी ४ या वर्गातल्या फोनवर, जास्तीत जास्त १५० लिहिलेलं असतं. मधले ५० कुठे गेले ते शोध. रेफरन्स सिग्नल, कंट्रोल चॅनल, एरर करेक्शन, सगळं एकेक करत सापडत जाईल. हे शोधताना जेवायचं विसरलीस तर हे क्षेत्र तुझं आहे, आणि कंटाळा आला तरी काही बिघडत नाही, कोअरच्या बाजूला हे फारसं लागत नाही.

सिग्नल प्रोसेसिंगची भीती बहुतेक परीक्षेतल्या डेरिव्हेशनची असते. पायथनमध्ये थोडे आकडे घे, इन्व्हर्स एफएफटी कर, शेवटच्या तुकड्याची कॉपी करून पुढे चिकटव, झाला ओएफडीएमचा, म्हणजे ४जी-५जीच्या रेडिओ पद्धतीचा, एक सिम्बॉल. मग त्यात नॉइज घाल आणि परत उलगडून बघ किती बिट चुकले.

लिनक्स मात्र आत्ताच शिकायला घे, त्याच्याशिवाय या क्षेत्रात पान हलत नाही. लॅपटॉपवर ओपन५जीएस हा कोअर आणि यूईरॅनसिम हा नकली फोन-टॉवर टाक, दोन्ही ओपन सोर्स आहेत, रेडिओचं काही हार्डवेअर लागत नाही. फोन नेटवर्कला जोडला जाताना काय काय निरोप जातात ते वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरचे निरोप उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) बघ, मग मुद्दाम सिमची की चुकीची घाल आणि तो कुठे अडतो ते बघ. चालू झालेलं दाखवणारे खूप असतात, बंद का पडलं हे लॉग वाचून सांगणारी फ्रेशर दिसली की इंटरव्ह्यू घेणारा माणूस जरा सरसावून बसतो. पुढे कधी रेडिओ हार्डवेअर घेतलंस तर नुसतं ऐकायचं, परवान्याशिवाय मोबाइलच्या बँडवर ट्रान्समिट करायचं नाही, तो गुन्हा होतो.

मास्टर्सचं विचारलं होतंस. मॉडेम किंवा फिजिकल लेअरमध्ये (प्रत्यक्ष रेडिओ सिग्नलच्या कामात) जायचं असेल तर कर, तिथे डिजिटल कम्युनिकेशन खोलात लागतं आणि नुसत्या इंजिनीअरिंगच्या डिग्रीवर दार उघडणं कठीण. प्रोटोकॉल टेस्टिंग, कोअर, ऑप्टिमायझेशन यासाठी आधी नोकरी धर, दोन-तीन वर्षांनी गरज वाटली तर बघता येईल. आत्ता दुसऱ्याच वर्षाला आहेस, तर या वर्षी ते गणित आणि ओपन५जीएस एवढंच पुरे, तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट निवडायच्या आधी कुठल्या भागात जास्त रमलीस ते लिहून पाठव, त्यावरून विषय ठरवू.