मोठी ॲप सोडून मॅस्टोडॉनसारख्या छोट्या ठिकाणी गेलं, तर माणूस एकटा पडतो का?

तुम्ही लिहिलंय की भांडणं आणि रील्स बघून जीव विटलाय, पण सगळं सोडलं तर बोलायला कुणी उरेल का याची भीती वाटते. मी परभणी जिल्ह्यात सेलूला राहते, शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी मीही हेच केलं. पहिले दोन महिने फार एकटं वाटलं. ते आधीच ठाऊक असलेलं बरं.

मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखं लिहिण्या-वाचण्याचं ठिकाण. तिथं खातं उघडलं त्या रात्री समोर काहीच नव्हतं. तिथं आपण ज्यांना फॉलो करू त्यांचंच लिखाण दिसतं, तेही लिहिलं त्या क्रमानं. जाहिराती नाहीत आणि पुढ्यात आणून वाढणारंही कुणी नाही. ऑयगेन रॉख्को या जर्मनीतल्या तरुण प्रोग्रामरनं २०१६ साली हे सुरू केलं. ते एका जागी नाही, हजारो सर्व्हरांवर, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या संगणकांवर आहे. आपल्याकडच्या दिंड्यांसारखं समजा: प्रत्येक दिंडीचा विणेकरी वेगळा, शिस्त वेगळी, पण वाट एकच, आणि या दिंडीतला माणूस त्या दिंडीतल्या माणसाशी बोलू शकतो. ज्या पद्धतीनं हे बोलणं चालतं तिला ॲक्टिव्हिटीपब म्हणतात. २०१८ पासून ते वेबचं अधिकृत मानक आहे.

नुसत्या रागानं गेलेला माणूस तिथं फार दिवस राहत नाही, असं माझं मत आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर भारतातून एकदम पुष्कळ लोक मॅस्टोडॉनवर गेले होते. त्यातले बरेच थोड्या दिवसांत परतले. मीही परतले असते. मला थांबवलं एका बारवेनं, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीनं.

वालूरची चक्राकार बारव तुम्हाला माहीत असेल. ही तिच्यासारखी नावाजलेली नाही. माझ्या सासरच्या गावाजवळ शिवारात आहे, बाभळी आणि घाणेरीत गडप झालेली. तिचा फोटो मी आधी एका मोठ्या ॲपवर टाकला होता. संध्याकाळपर्यंत सातशेवर लाइक आले. खाली मात्र ती कुणी बांधली, कोणत्या समाजानं बांधली यावरून जुंपली, आणि रात्री दोघं एकमेकांना बघून घेण्याची भाषा करू लागले. त्या सातशे जणांतल्या एकानंही ती कोणत्या गावात आहे, हे विचारलं नाही. मी फोटो काढून टाकला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे तोच फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या खुल्या साठ्यावर, चढवला आणि मराठी विकिपीडियाच्या चावडीवर लिहिलं. (तिथल्या चर्चेच्या पानाला चावडीच म्हणतात. मला ते नाव फार आवडतं.) तीन दिवस कुणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी एका अनोळखी माणसानं विचारलं: पायऱ्या किती बाजूंनी उतरतात? देवकोष्ठांत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यांत, मूर्ती आहेत का? उन्हाळ्यात पाणी टिकतं का? मला एकाचंही उत्तर देता येईना. लग्न झाल्यापासून मी दरवर्षी सणासुदीला त्या गावात जातेय, आणि बारवेच्या काठावरूनच परत फिरत होते.

पुढच्या रविवारी टेप आणि दोन विद्यार्थी घेऊन गेले. काठी आपटत उतरलो. शेजारच्या शेतातले एक आजोबा वरून ओरडले, "कामून मोजायलात, बाई?" मग तेही खाली आले आणि पायरीवर बसून तासभर बोलले. मोट कोणत्या बाजूला चालायची, बैल कुठून वळायचे, बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या बाया रात्री दोन-दोन वाजता इथं वाट्यांनी पाणी भरत बसायच्या. त्यांची आई त्यांतलीच एक. ते सगळं मी वहीत उतरवून घेतलं, मोजमाप चावडीवर लिहिलं, आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर, जिथं आधी नुसतं मोकळं शिवार होतं, तिथं बारवेची खूण केली. आता आजूबाजूच्या सहा बारवा झाल्यात. ज्यांच्याशी माझं नियमित बोलणं होतं ती माणसं आठ-दहाच आहेत. पण त्यांच्या प्रश्नांची मी वाट बघते.

तोटाही सांगते. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचे वडील गेले, ते मला पंधरा दिवसांनी कळलं. सगळ्यांनी मोठ्या ॲपवर श्रद्धांजली लिहिली होती, मी तिथं नव्हते. तिच्या घरी गेले तेव्हा ती काही बोलली नाही, पण मला ते अजून लागतं. त्यानंतर मी आठवड्याला चार फोन ठरवून करते. व्हॉट्सॲप मी सोडलेलं नाही. शाळेचे निरोप आणि सासूबाई दोन्ही तिथंच आहेत.

तिथं मराठी माणसं भेटतील का, हेही विचारलंत. मॅस्टोडॉनवर मराठी कमी आहे, मराठवाड्यातलं तर फारच कमी. हॅशटॅग फॉलो करता येतो, तिथून सुरुवात करा. गप्पांसाठी मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून आहे, तसंच मिसळपाव २००७ पासून. तिथं जुनी माणसं एकमेकांना ओळखतात, म्हणून आधी महिनाभर नुसतं वाचा.

मोठ्या ॲपवरचं खातं मात्र लगेच उडवू नका. आधी आपले फोटो आणि लिखाण उतरवून घ्या. छोटे सर्व्हर चालवणाऱ्याच्या वेळेवर आणि लोकांच्या वर्गणीवर चालतात, काही बंदही पडतात. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्ट नेता येत नाहीत. मोठ्यांचीही खात्री नसते म्हणा: ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गुगल प्लस २०१९ मध्ये, कू २०२४ मध्ये. म्हणून बारवांची वही मी कागदावरच ठेवते.

तुम्हाला कशात रस आहे ते लिहिलं नाहीत. शेती, जुनी नाणी, पक्षी, स्वयंपाक, काहीही असो, खाली लिहा. त्या विषयाची माणसं कुठं बसतात हे मला ठाऊक असेल तर सांगते, नसेल तर चावडीवर विचारून सांगते.