सगळ्या भाषांत अर्थ एकच असतो, फक्त व्याकरण वेगळं असतं, हे खरं आहे का?

तुम्ही पुढे असंही विचारलंय, की अर्थ सगळीकडे सारखाच असेल तर नवीन भाषा शिकताना व्याकरणात किती डोकं घालायचं, शब्द पाठ करून भागणार नाही का. त्याचं उत्तर शेवटी देते. पण पहिल्या प्रश्नावर मला गप्प बसवत नाही. 'अर्थ एकच असतो, व्याकरण म्हणजे नुसतं वेष्टण' हे वाक्य एका माणसाने मला ऐकवलं होतं आणि त्यापायी एक खरं बोलणारी बाई खोटी ठरली.

तेव्हा उत्तर: नाही, हे खरं नाही.

मी भाषांतराचं काम करते. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका एजन्सीमार्फत माझ्याकडे एका कारखान्यातल्या अपघाताच्या चौकशीचे जबाब आले. रेकॉर्डिंग ऐकून मराठीत उतरवायचं, मग त्याचं इंग्रजी करायचं, असं काम होतं. त्यात एका कामगार बाईंचा जबाब होता, वीसेक मिनिटांचा. बाई सावकाश, शब्द तोलून बोलत होत्या. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे:

"सकाळी साहेब आले, त्यांनी वरचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितला म्हणे, आणि मग तो मोठा आवाज झाला."

या वाक्यात तीन गोष्टी आहेत. साहेब आले, ते बाईंनी पाहिलं. आवाज झाला, तो त्यांनी ऐकला. मधली गोष्ट त्यांनी पाहिली नाही आणि ऐकलीही नाही. ती त्यांना दुसऱ्या कुणीतरी सांगितली, आणि हे त्यांनी एका शब्दात नोंदवून ठेवलं. मराठी कानाला 'म्हणे' ऐकल्यावर वेगळं काही समजावून द्यावं लागत नाही. 'त्यांची बदली झाली' आणि 'त्यांची बदली झाली म्हणे' यांतला फरक शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतो. पहिल्या वाक्याची जबाबदारी माझी, दुसऱ्याची माझ्यावर नाही.

मी इंग्रजीत 'आय वॉज टोल्ड' घालून ते वाक्य लिहिलं. काम तपासणाऱ्या गृहस्थांनी तेवढाच तुकडा खोडला आणि बाजूला शेरा मारला, 'फिलर, काढा.' मी फोन केला. त्यांचं म्हणणं, 'म्हणे' हे 'ना', 'बरं का', 'काय' यांच्यासारखं बोलण्याच्या ओघात येणारं आहे, त्याला अर्थ नाही. घटना तीच, माणसं तीच, क्रम तोच, मग अर्थ बदलला कुठे? मी अर्धा तास भांडले. त्यांचा अनुभव वीस वर्षांचा, माझं दुसरं वर्ष. तेव्हा त्यांनी ते वेष्टणाचं वाक्य ऐकवलं. काम संध्याकाळी द्यायचं होतं. मी माघार घेतली आणि फाइल तशीच गेली.

काही महिन्यांनी त्याच प्रकरणाचे पुढचे कागद भाषांतराला आले, म्हणून पुढचं मला कळलं. सुनावणीत बाईंना विचारलं गेलं, "साहेबांनी व्हॉल्व्ह बंद करायला सांगितला तेव्हा तुम्ही कुठे उभ्या होतात?" बाई म्हणाल्या, "मी तिथं नव्हतेच. मी पॅकिंगला होते. मला बाकीच्या बायकांनी सांगितलं." समोरच्या इंग्रजी जबाबात तर असं काही नव्हतं. तिथे त्या साहेबांचे शब्द स्वतः ऐकलेल्या साक्षीदार होत्या. शेरा पडला की साक्षीदाराने जबाब फिरवला, भरवसा ठेवता येत नाही. त्यांनी जे खरोखर पाहिलं-ऐकलं होतं, तेही त्याबरोबर बाजूला पडलं. मूळ मराठी उतारा कुणी काढून पाहिला नाही. आणि तो शेरा मीच मराठीत आणला.

आता 'वेष्टण' म्हणणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर.

बोलणाऱ्याला ही माहिती कुठून मिळाली, हे सांगणं कित्येक भाषांत सक्तीचं आहे. तिथे ते व्याकरणातच बसवलेलं असतं, आपल्याकडे काळ किंवा लिंग बसवलंय तसं. तुर्कीत 'तो आला' हे 'गेल्दी' असं म्हटलं तर मी ते प्रत्यक्ष पाहिलं किंवा खात्रीने सांगतोय. 'गेल्मिश' म्हटलं तर आला म्हणे, किंवा आलेला दिसतोय. दोन प्रत्ययांतला एक निवडावाच लागतो. कोलंबिया आणि ब्राझीलच्या सीमेवर बोलल्या जाणाऱ्या तुयुका भाषेत असे पाच प्रकार आहेत: पाहिलं, न पाहता ऐकलं किंवा जाणवलं, खुणांवरून ताडलं, दुसऱ्याने सांगितलं, आणि एकंदर परिस्थितीवरून असंच असणार. आमच्या बाईंचं ते वाक्य तुयुकात गेलं असतं तर त्याच्या तीन क्रियापदांना तीन वेगळे प्रत्यय लागले असते. तिथे तो मधला प्रत्यय कुठल्याही तपासनिसाला खोडता आला नसता, कारण तो काढला की क्रियापदच अर्धवट राहतं.

या दोनच भाषा विचित्र आहेत असं समजू नका. जगातल्या भाषांच्या रचनांचा एक मोठा तुलनात्मक नकाशासंग्रह आहे. त्यात या बाबतीत तपासलेल्या ४१८ भाषांपैकी २३७ भाषांत माहितीचा उगम दाखवायची काही ना काही व्याकरणिक सोय सापडते. म्हणजे निम्म्याहून जास्त. या बाबतीत अल्पमत इंग्रजीचं आहे.

शिवाय हे आपल्या घरातलंच आहे. पाणिनीचं सूत्र आहे, 'परोक्षे लिट्'. बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडलेल्या भूतकाळासाठी लिट् हा लकार, म्हणजे संस्कृत क्रियापदाची एक ठरावीक रूपं. त्यावर पतंजलीने महाभाष्यात घातलेला काथ्याकूट मी वाचला तेव्हा मला त्या बाईंची आठवण आली. तिथे म्हटलंय, गोष्ट डोळ्यांआड घडलेली असली, तरी ती लोकांत प्रसिद्ध असेल आणि बोलणाऱ्याला पाहता येण्यासारखी असेल, तर लङ्, म्हणजे साध्या भूतकाळाचा लकार, वापरावा. उदाहरण दिलंय 'अरुणद् यवनः साकेतम्', यवनाने, म्हणजे ग्रीकाने, साकेताला, म्हणजे अयोध्येला, वेढा घातला. आणि पाहता येणं शक्यच नाही अशा जुन्या गोष्टीसाठी 'जघान कंसं किल वासुदेवः', वासुदेवाने कंसाला मारलं म्हणे. त्या वेढ्याच्या वाक्यातल्या क्रियापदाच्या रूपावरून, वेढा पतंजलीच्या हयातीत पडला असावा असं अनुमान काढून इतिहासकार पतंजलीचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात धरतात. एका क्रियापदाच्या रूपावर माणसाचा काळ ठरवतात, आणि मला सांगितलं गेलं की यात अर्थ नसतो!

याच सूत्रावरच्या जुन्या टीकाग्रंथांतलं आणखी एक उदाहरण माझं फार आवडतं आहे. स्वतःबद्दल बोलताना 'न पाहिलेलं' कसं असेल? तर 'सुप्तोऽहं किल विललाप'. याचं मराठी करून बघा: मी झोपेत बडबडलो म्हणे. 'म्हणे' घातल्याशिवाय हे वाक्य मराठीत धड उभंच राहत नाही. तुर्की माणूस बसल्या-बसल्या डोळा लागून जागा झाला की 'उयुमुशुम' म्हणतो, म्हणजे मला झोप लागली होती वाटतं. तिथेही तोच न-पाहिलेला प्रत्यय. पाणिनीच्या परंपरेतले पंडित आणि आजचा तुर्की माणूस यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोघांनाही झोपलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देता येत नाही हे व्याकरणात नोंदवावंसं वाटलं.

बाकीची उदाहरणं भराभर सांगते. आपल्याला 'आम्ही' आणि 'आपण' यांत निवड करावीच लागते. तमिळमध्ये 'नांगळ' आणि 'नाम', तेलुगूत 'मेमु' आणि 'मनम्', गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे'. हिंदीत दोन्हींना 'हम', इंग्रजीत 'वी'. इंग्रजी पत्रात 'वी विल डिसाइड' आलं की माझा हात थांबतो: ठरवताना समोरचा त्यात आहे की नाही? लिहिणाऱ्याने ते सांगितलेलंच नसतं आणि मला मराठीत सांगावंच लागतं. तसंच 'आय वेंट'. गेलो की गेले? इंग्रजी कथेतल्या निवेदकाचं लिंग वीस पानं कळत नाही, पण माझ्या मराठीत पहिल्याच ओळीत फुटतं. बंगालीत करणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही, कारण तिथे क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. आणि इंग्रजीतलं ते 'हॅव'! मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे पुस्तक आहे, टेबलाला चार पाय आहेत. नातं, ताबा आणि अवयव यांचा फरक मराठी माणूस विचार न करता करतो. 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' म्हटलं तर भाऊ मुक्कामाला आलेत असा अर्थ होईल. इंग्रजीला या सगळ्यासाठी एकच क्रियापद पुरतं.

रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ साली ही गोष्ट नेमकी मांडली: भाषांमधला खरा फरक त्यांत काय सांगता येतं यात नाही, काय सांगावंच लागतं यात आहे. काम तपासणारे ते गृहस्थ म्हणत होते की कुठलाही विचार कुठल्याही भाषेत मांडता येतो. अगदी बरोबर. इंग्रजीत 'आय वॉज टोल्ड' म्हणता येतंच, मी तेच तर लिहिलं होतं. पण मांडता येतं म्हणजे आपोआप मांडलं जातं असं नाही. कुणीतरी ते मांडावं लागतं आणि दुसऱ्या कुणी ते खोडून चालत नाही.

आता त्यांच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. मराठीत 'म्हणे' सक्तीचं नाही. ऐकीव गोष्टही आपण कित्येकदा त्याच्याशिवाय सांगतो. शिवाय त्याला शंकेचा, कधी टोमण्याचा रंग असतो: 'हा म्हणे फार हुशार!' तिथे ऐकीवपणापेक्षा अविश्वास जास्त असतो. म्हणून प्रत्येक 'म्हणे'चं एकच इंग्रजी करता येत नाही, आणि माझी आवृत्ती थोडी जड झाली होती हेही मान्य. पण सक्तीचं नाही, याच कारणामुळे तर ते जास्त जपायला हवं होतं. तुर्की माणसाकडून प्रत्यय सवयीने येईल. त्या बाईंना तो शब्द गाळता आला असता आणि त्यांनी गाळला नाही. आधीच्या आणि नंतरच्या वाक्यांशाला 'म्हणे' नाही, मधल्यालाच आहे. ओघातला शब्द असा नेमक्या जागी पडत नसतो.

आणखी एक. यावरून कुणी असा निष्कर्ष काढू नये की तुयुका बोलणारे जास्त प्रामाणिक असतात किंवा इंग्रजी बोलणाऱ्यांना ऐकीव-पाहिलेलं कळत नाही. खोटं प्रत्येक भाषेत बोलता येतं. भाषा आपला विचार कैद करून ठेवते हे मत मी मानत नाही. एस्किमोंचे बर्फासाठीचे शेकडो शब्द वगैरे गोष्टी तर फुगवून सांगितलेल्या आहेत. मी बोलतेय ते सवयीबद्दल आणि सक्तीबद्दल.

तुमचा दुसरा प्रश्न. शब्द पाठ करून भागेल का? बाजारहाट करण्यापुरतं भागेल. पण व्याकरणाचे तक्तेही सुरुवातीला घोकू नका. नवीन भाषेला आधी एकच विचारा: ही मला काय न सांगता पुढे जाऊ देत नाही? तेवढं आधी शिका, बाकीचं वापराने येतं. आणि ज्या छोट्या शब्दाला शब्दकोशात धड अर्थ दिलेला नसतो, त्याच्यापाशी सगळ्यात जास्त थांबा. भाषांतर करत असाल तर तो शब्द काढायला कुणी सांगितलं, कितीही वर्षांच्या अनुभवाने सांगितलं, तरी काढू नका, निदान लेखी हरकत नोंदवा. मी फक्त फोन केला होता.

कुठली भाषा शिकताय ते प्रश्नात लिहिलेलं नाही. तुर्की असेल तर 'दी' आणि 'मिश'चा फरक पहिल्या महिन्यात पक्का करा, नाहीतर ऐकीव गोष्टीही पाहिल्यासारख्या सांगाल. चिनी असेल तर काळाची रूपं शोधत बसू नका, ती नाहीत. क्रिया पुरी झाली की नाही, इकडे लक्ष ठेवा. जपानी असेल तर दुसऱ्याच्या थंडी-वेदनांबद्दल बोलताना जपून. 'मला थंडी वाजतेय' याला 'सामुइ' पुरतं, पण तिसऱ्या माणसाबद्दल 'सामुगात्ते इरु' म्हणावं लागतं, म्हणजे त्याला थंडी वाजतेय असं त्याच्याकडे बघून दिसतंय. त्याच्या अंगातली थंडी तुम्हाला कशी कळणार, असं ती भाषा विचारते. भाषा कुठली ते कळवलंत तर त्याप्रमाणे आणखी लिहीन.