जिप्सीला फ्लेअर बसवताना: ड्रिल मारण्याआधी हे बघा

तुमची १९९५ ची वाइड ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांत जास्त अंतर असलेली) मारुती जिप्सी, टायर २३५/७५ आर १५, फायबरचे फ्लेअर, म्हणजे चाकांच्या कमानीवर बाहेरून बसवायच्या रुंद पट्ट्या, आणून ठेवलेत आणि ते चिकटवायचे की बोल्टने आवळायचे, हे विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: बोल्टनेच. पण आधी चाक कुठपर्यंत वर जातं ते बघा.

आधी गाडीवर २०५/७० आर १५ टायर असतील तर त्यांचा व्यास साधारण ६६८ मिमी, तुमच्या टायरचा ७३३. म्हणजे टायरचा माथा कमानीच्या तीन सेंटिमीटरहून जास्त जवळ आलाय. अंगणात उभ्या गाडीत हे कळत नाही. त्र्यंबकच्या बाजूला कच्च्या वाटेवर एक चाक दगडावर चढलं आणि स्टिअरिंग पूर्ण वळलं, की टायर फ्लेअरची आतली कड खातो. बॉडीखाली जॅक लावून काही समजणार नाही, चाक उलट खाली लोंबतं. पुढचं एक आणि तिरक्या बाजूचं मागचं एक चाक भक्कम ओंडक्यांवर चढवा, बाकीच्या चाकांना पुढून-मागून अडणीचे दगड लावा, गाडी बंद करा. स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून अंतर मोजा. मग बाजू बदलून पुन्हा. फ्लेअर मास्किंग टेपने लावून भोकांच्या खुणा करायच्या त्या यानंतरच.

आता खरं काम. जिप्सीचा पत्रा गंजतो तो कडेपासून, आणि प्रत्येक भोक म्हणजे नवी उघडी कड. इगतपुरी-घोटीकडच्या पावसात फ्लेअरमागे चिखल बसला की तो कित्येक दिवस ओला राहतो. म्हणून आधी कमानीच्या आत हात घालून वायर, पेट्रोलची नळी कुठे आहे ते बघा, ३ मिमी ड्रिलने सुरुवात करा, मग एम ६ (६ मिमी) बोल्टपुरतं भोक मोठं करा. कानशीने कड साफ, आतून-बाहेरून इपॉक्सी प्रायमर, त्यावर रंग, आणि तो पूर्ण वाळू द्या. घाई नको. गॅरेजवाला 'प्रायमर नंतर मारू' म्हणाला तर गाडी तिथे ठेवू नका.

फायबरमधलं भोक बोल्टपेक्षा दोनेक मिमी मोठं ठेवा, उन्हात आणि धक्क्यात त्याला हलायला जागा हवी. मोठा वॉशर, आतून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, धक्क्याने सैल न होणारा). हाताला घट्ट लागला की थोडंच पुढे, जास्त आवळलं तर फायबर तडकतं. फ्लेअर आणि पत्र्याच्या मधल्या फटीत रबर बीडिंग (रबराची पट्टी) घाला, पण खालचं टोक उघडं ठेवा, पाणी तिथून निघून जायला हवं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन अजिबात वापरू नका, त्यातलं आम्ल उघड्या लोखंडाला खातं. लागलंच तर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट.

रंग मॅट काळाच ठेवा, ओरखडे लपतात.

आणि तुमची गाडी फेरनोंदणीच्या वयाची आहे. टायरचा आकार आणि गाडीची रुंदी बदलली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा (गाडीत बदल करण्याबाबतच्या) प्रश्न येतो, तेव्हा भोकं पाडण्याआधी आरटीओत विचारून या.