शरीराचा प्रतिसाद आणि मनाची इच्छा

प्रश्न : मी ठाण्यात राहते, विवाहित आहे. मनात इच्छा नसतानाही कधी कधी शरीर उत्तेजित होते. ही विकृती आहे का?

उत्तर : मुळीच नाही. कॅनडातील संशोधक मेरेडिथ चिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १३२ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा जननेंद्रियांचा मोजलेला प्रतिसाद आणि व्यक्तीने स्वतः सांगितलेली उत्तेजना यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) पुरुषांत ०.६६, तर स्त्रियांत केवळ ०.२६ आढळला. म्हणजे स्त्रियांत शरीर आणि मन यांचा मेळ बसतोच असे नाही. अर्थात ही सरासरी आहे. तिच्यावरून कोणा एकीचे निदान करता येत नाही. मात्र शरीराचा प्रतिसाद म्हणजे संमती नव्हे, हे मी ठामपणे सांगते, कारण या गैरसमजापायी अत्याचार सोसलेल्या स्त्रिया स्वतःलाच दोष देत राहतात. तुमची इच्छा नसेल, तेव्हा पतीला तसे स्पष्ट सांगा.